क्रीडागुरू सय्यद अब्दुल रहीम

फुटबॉलच्या सामन्यात ज्याने गोल केला, त्याचे नाव दुसऱ्या दिवशी मुलामुलांच्या तोंडी असते. ज्याने गोल अडविला, त्याचीही थोडीफार वाहवा होते. परंतु या दोघांना ज्याने घडविले, कोणी कोठे उभे राहावयाचे आणि कोणी केव्हा धावावयाचे हे ज्याने शिकविले, तो गृहस्थ मैदानाच्या कडेला बाकावर बसलेला असतो आणि सामना संपताच लोक त्याला विसरून जातात. भारतीय फुटबॉलच्या इतिहासात असा एक थोर गृहस्थ होऊन गेला. १९५१ आणि १९६२ या दोन वर्षी आशियाई क्रीडास्पर्धांत भारताने फुटबॉलचे सुवर्णपदक मिळविले आणि १९५६ साली ऑलिम्पिकमध्ये चौथा क्रमांक पटकाविला. या तिन्ही यशांमागे एकच व्यक्ती उभी होती. ती व्यक्ती म्हणजे हैदराबादेतील एक शाळामास्तर, सय्यद अब्दुल रहीम.

रहीम यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबाद येथे झाला. त्या काळी हैदराबाद ही निजामाच्या राज्याची राजधानी होती. तेलुगू, कन्नड व मराठी अशा तीन भाषांचे प्रदेश या राज्यात नांदत होते. आपला मराठवाडाही त्याच राज्यात होता. राजधानीत उस्मानिया विद्यापीठाची स्थापना १९१८ साली झाली. उच्च शिक्षण इंग्रजीऐवजी उर्दू माध्यमातून देणारे हे विद्यापीठ तेव्हा साऱ्या देशाच्या कुतूहलाचा विषय झाले होते. रहीम तेथेच शिकले, तेथेच फुटबॉल खेळले आणि कला शाखेची पदवी घेऊन त्यांनी अध्यापनाचा पेशा पत्करला. काचीगुडा मिडल स्कूल, उर्दू शरीफ स्कूल, दारुल उलूम हायस्कूल व चादरघाट हायस्कूल अशा शाळांतून त्यांनी काम केले. पुढे शारीरिक शिक्षणाची पदविका त्यांनी संपादन केली आणि शेवटच्या दोन शाळांत खेळांची सर्व जबाबदारी त्यांच्याकडे आली.

त्यांच्या पुढील साऱ्या कर्तृत्वाचे मूळ या शिक्षकी पेशात आहे. चांगला खेळाडू हा चांगला मार्गदर्शक होतोच असे नाही. खेळाडूला एखादी गोष्ट सहज येते. परंतु ती दुसऱ्याला का येत नाही, हे त्याला उमगत नाही. शिक्षकाला मात्र रोज याच प्रश्नाशी झुंजावे लागते. वर्गातील मुलगा कोठे अडला आहे हे हेरून, धड्याचे लहान लहान भाग पाडून तो त्याच्या गळी उतरविणे, हे ज्याला साधले तोच शिक्षक. रहीम यांनी हीच रीत मैदानावर आणली.

त्या काळचे आपले खेळाडू चेंडू पायाशी घोळवीत एकामागून एक प्रतिस्पर्ध्याला चकविण्यात मोठी धन्यता मानीत. प्रेक्षकही अशा खेळाला टाळ्या देत. परंतु एकटाच खेळाडू चेंडू अडवून बसला म्हणजे उरलेले दहा जण नुसते पाहत राहतात, हे रहीम यांनी जाणले. त्यावर त्यांनी योजिलेला उपाय अगदी मास्तराला शोभणारा होता. चकविण्यास मुळीच परवानगी नाही, चेंडू मिळताच तो सोबत्याकडे दिलाच पाहिजे, अशा अटींचे सामने ते भरवीत. बहुतेकांचा एक पाय सवयीचा व दुसरा दुबळा असतो. म्हणून केवळ दुबळ्या पायानेच खेळावयाचे असेही सामने ते घेत. वयाप्रमाणे गट पाडून लहान मुलांच्या स्पर्धा ते भरवीत. या गोष्टी ऐकावयास साध्या वाटतात. परंतु आपल्या गोमंतकात भातकापणी झाल्यावर रिकाम्या शेतांत ज्यांनी फुटबॉल खेळला आहे, त्यांनी एक संध्याकाळ केवळ नावडत्या पायाने खेळून पाहावे; म्हणजे या साधेपणात किती कष्ट दडलेले आहेत हे ध्यानात येईल.

१९४० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे चिटणीसपद रहीम यांच्याकडे आले आणि ते अखेरपर्यंत त्यांच्याकडेच राहिले. १९५० साली हैदराबाद सिटी पोलीस या संघाचे मार्गदर्शन त्यांनी हाती घेतले. फुटबॉल म्हणजे कलकत्ता, असे समीकरण तेव्हा साऱ्या देशाच्या मनात ठसलेले होते. पोलिसांच्या या संघाने ते हलविले. १९५० साली त्यांनी मोहन बागानचा पराभव करून ड्युरँड चषक जिंकला. मुंबईचा रोव्हर्स चषक तर त्यांनी १९५० पासून १९५४ पर्यंत ओळीने पाच वर्षे जिंकला. हैदराबादहून आलेली ही चपळ मंडळी मोठमोठ्या संघांना कशी हरवितात, हे मुंबईच्या प्रेक्षकांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले.

हैदराबादमधील हे काम पाहून भारतीय संघाची सूत्रे रहीम यांच्या हाती सोपविण्यात आली. मार्च १९५१ मध्ये दिल्ली येथे पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. शैलेन मन्ना यांच्या नेतृत्वाखालील भारतीय संघाने इंडोनेशिया व अफगाणिस्तान यांना प्रत्येकी ३-० असे हरविले आणि अंतिम सामन्यात इराणवर १-० असा विजय मिळविला. तो एकमेव गोल साहू मेवालाल यांचा होता. स्वातंत्र्य मिळून चार वर्षेही झाली नव्हती. अशा वेळी राजधानीत मिळालेल्या त्या सुवर्णपदकाने साऱ्या देशाला किती आनंद झाला असेल, याची कल्पना करता येते.

परंतु हा आनंद फार काळ टिकावयाचा नव्हता. १९५२ साली हेलसिंकी येथील ऑलिम्पिकमध्ये भारताची गाठ युगोस्लाव्हियाशी पडली. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळत असत. आपल्याकडील कोरड्या, टणक मैदानांवर त्यात काही गैर वाटत नसे. उलट उघड्या पायाला चेंडू अधिक कळतो अशीच समजूत होती. १९४८ साली लंडन येथे आपल्या अनवाणी संघाने फ्रान्सशी अवघ्या एका गोलाच्या फरकाने हार खाल्ली होती, त्यामुळे ही समजूत अधिकच दृढ झाली होती. उत्तर युरोपच्या थंड हवेत, मऊ गवतावर, बूट घातलेल्या धिप्पाड प्रतिस्पर्ध्यांसमोर ती टिकली नाही. युगोस्लाव्हियाने दहा गोल केले. भारताच्या बाजूने अहमद खान यांचा एक गोल झाला. दहास एक हा निकाल आपल्या फुटबॉलला लागलेला मोठाच कलंक होता.

असा पराभव झाला म्हणजे माणसे सहसा दोन मार्गांपैकी एक धरतात. कोणी दैवाला, हवेला वा पंचाला बोल लावतो, तर कोणी खेळाचाच नाद सोडतो. रहीम यांनी या पराभवाकडे नापास झालेल्या विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेप्रमाणे पाहिले. कोठे चुकले, किती चुकले आणि पुढच्या परीक्षेपूर्वी काय शिकविले पाहिजे, एवढाच विचार त्यांनी केला. पहिली गोष्ट बुटांची. हेलसिंकीनंतर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने खेळाडूंना बूट सक्तीचे केले. ज्यांचे सारे आयुष्य अनवाणी खेळण्यात गेले, त्यांना बूट म्हणजे पायातील बेडीच वाटे. त्यांना नव्याने चेंडू मारावयास शिकविणे हे चिकाटीचे काम होते.

दुसरी गोष्ट बचावाच्या मांडणीची. जुन्या पद्धतीत गोलरक्षकापुढे दोन बॅक, त्यांच्यापुढे तीन हाफबॅक आणि सर्वांत पुढे पाच आघाडीवीर अशी रचना असे. समोरून चढाई झाली की दोन बॅकांच्या मध्ये मोकळी वाट राही आणि त्या वाटेने प्रतिस्पर्धी थेट गोलपाशी येई. मधल्या हाफबॅकला मागे ओढून त्या जागी तिसरा बॅक उभा करावयाचा, म्हणजे ती वाट बंद होते. युरोपात ही रचना रुळून बरीच वर्षे झाली होती. आपल्याकडे मात्र तिला विरोध होता. तीन बॅक ठेवणे हे भित्रेपणाचे लक्षण आहे, त्याने खेळाची शोभा जाते, असे जुन्या मताचे लोक म्हणत. रहीम यांनी या टीकेची पर्वा केली नाही. १९५३ साली हंगेरीच्या संघाने वेंब्ली येथे इंग्लंडला ६-३ असे हरवून जगाला चकित केले. त्या संघाचा मधला आघाडीवीर नेहमीच्या जागी न राहता मागे सरून खेळे. त्यामुळे त्याच्यावर नजर ठेवणारा बचावपटू गोंधळून जाई. रहीम यांनी हीही युक्ती अभ्यासिली आणि आपल्या खेळाडूंच्या अंगी बाणविली. पुढे चार बॅक व चार आघाडीवीर ही मांडणीही त्यांनी आपलीशी केली. भोवती परदेशी तज्ज्ञांचा ताफा नसताना एका शाळामास्तराने हा अभ्यास केला, हे विशेष होय.

या अभ्यासाचे फळ १९५६ साली मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये दिसले. पहिल्या फेरीत हंगेरीचा संघ न आल्यामुळे भारताला पुढे चाल मिळाली. १ डिसेंबर रोजी यजमान ऑस्ट्रेलियाशी सामना झाला आणि भारताने तो ४-२ असा जिंकला. त्यातील तीन गोल एकट्या नेव्हिल डिसोझा यांनी केले. ऑलिम्पिकच्या फुटबॉलमध्ये एकाच सामन्यात तीन गोल करणारे ते पहिले आशियाई खेळाडू ठरले. डिसोझा हे मुंबईच्या मैदानांवर वाढलेले गोमंतकीय, हे सांगताना आपल्याला सहजच अभिमान वाटतो. या विजयाने भारत उपान्त्य फेरीत पोहोचला. तेथवर मजल मारणारा तो आशियातील पहिलाच देश होता. उपान्त्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हियाच समोर उभा राहिला. उत्तरार्धाच्या आरंभी डिसोझा यांनीच गोल करून भारताला आघाडी मिळवून दिली. ती टिकली नाही. युगोस्लाव्हियाने अखेर ४-१ असा विजय मिळविला. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यातही बल्गेरियाने भारताला ३-० असे हरविले. परंतु चार वर्षांपूर्वी ज्या संघाने आपल्यावर दहा गोल चढविले, त्याच संघावर काही क्षण का होईना आघाडी मिळवावी, यात गुरूने करून घेतलेल्या पाठाची प्रगती दिसून येते.

रहीम यांची शिस्त कडक होती. परंतु तिच्यामागे माया होती. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा येथील तुळसीदास बलराम हा गरीब घरातील मुलगा त्यांच्या नजरेस पडला. सरावासाठी रोज हैदराबादला येण्याजाण्याचा खर्च त्याला झेपणारा नव्हता. तेव्हा भाड्याची सायकल घेण्यासाठी रहीम यांनी त्याला पैसे देऊ केले. हाच मुलगा पुढे पी. के. बॅनर्जी व चुनी गोस्वामी यांच्यासह भारताच्या नामांकित त्रयीतील एक झाला. १९५६ व १९५७ अशी ओळीने दोन वर्षे हैदराबादने संतोष चषक जिंकला, तोही रहीम यांच्याच मार्गदर्शनाखाली. १९६० साली रोम ऑलिम्पिकमध्ये भारताने हंगेरीला कडवी झुंज देऊन १-२ अशी हार पत्करली, फ्रान्सशी १-१ अशी बरोबरी केली आणि पेरूकडून १-३ असा पराभव सोसला. त्या संघात रहीम यांचे पुत्र सय्यद शाहिद हकीम यांचीही निवड झाली होती. हकीम पुढे हवाई दलात अधिकारी आणि आंतरराष्ट्रीय पंच म्हणून नावारूपास आले.

आता रहीम यांच्या आयुष्यातील अखेरचा आणि सर्वांत कठीण पाठ आला. ऑगस्ट १९६२ मध्ये जाकार्ता येथे चौथ्या आशियाई क्रीडास्पर्धा सुरू झाल्या. रहीम यांचे वय त्रेपन्न वर्षांचे होते, परंतु शरीर आतून रोगाने पोखरत चालले होते. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २-० असे हरविले. त्यानंतर थायलंडवर ४-१ आणि जपानवर २-० असे विजय मिळाले. परंतु थायलंडविरुद्ध खेळताना बचावाचा आधारस्तंभ जर्नेलसिंग यांच्या डोक्याला जबर जखम होऊन टाके घालावे लागले. गोलरक्षक पीटर थंगराज तापाने आजारी होते.

मैदानाबाहेरची परिस्थिती तर याहून बिकट होती. यजमान इंडोनेशियाने इस्राएल व तैवान यांच्या खेळाडूंना प्रवेश नाकारला होता. आशियाई क्रीडास्पर्धांचे एक संस्थापक गुरुदत्त सोंधी यांनी त्याला हरकत घेतली. सोंधी भारतीय असल्यामुळे जाकार्तातील लोकांचा रोष साऱ्या भारतीयांवर ओढवला. ३ सप्टेंबर रोजी जमावाने भारतीय वकिलातीवर हल्ला केला. भारतीय खेळाडूंना बसमध्ये अंग चोरून बसून प्रवास करावा लागला.

अशा वेळी एखाद्या मार्गदर्शकाने मोठे भाषण केले असते. रहीम यांनी आपल्या हाताशी कोण आहे आणि त्याच्याकडून काय होऊ शकेल, याचा शांतपणे हिशेब मांडला. जर्नेलसिंग यांना नेहमीप्रमाणे बचावफळीत ठेवले तर प्रत्येक उंच चेंडू त्यांना जखमी डोक्याने परतवावा लागेल. त्यांना अजिबात वगळले तर संघाचा धीर खचेल. म्हणून दक्षिण व्हिएतनामविरुद्धच्या उपान्त्य सामन्यात त्यांनी जर्नेलसिंग यांना चक्क मधला आघाडीवीर म्हणून उतरविले. आयुष्यभर गोल अडविणाऱ्या त्या पंजाबी वीराने गोल केला, कर्णधार चुनी गोस्वामी यांनी दोन गोल केले आणि भारताने तो सामना ३-२ असा जिंकला.

अंतिम सामना ४ सप्टेंबर रोजी, पुन्हा त्याच दक्षिण कोरियाशी होता. आदल्या रात्री रहीम यांनी खेळाडूंजवळ एक भेट मागितली; ती होती उद्याच्या सुवर्णपदकाची. एवढे कठोर गुरुजी त्या रात्री किती हळवे झाले होते, हे त्या संघातील खेळाडू पुढे अनेक वर्षे सांगत राहिले. दुसऱ्या दिवशी सुमारे लाखभर प्रेक्षकांनी भरलेले सेनायान मैदान भारताच्या विरुद्ध ओरडत होते. त्या कोलाहलात भारताच्या बाजूने आरोळ्या देणाऱ्यांत पाकिस्तानच्या हॉकी संघातील खेळाडू होते, ही आठवणही आपले खेळाडू मोठ्या आदराने सांगत. उंच चेंडूंवर भिस्त ठेवणाऱ्या कोरियन आघाडीपुढे उंचच गोलरक्षक हवा, म्हणून रहीम यांनी नुकत्याच तापातून उठलेल्या थंगराज यांना गोलात उभे केले. सतराव्या मिनिटास पी. के. बॅनर्जी यांनी पहिला गोल केला. विसाव्या मिनिटास जर्नेलसिंग यांनी दुसरा केला. त्यानंतरचा तासाहून अधिक वेळ हा बचावाच्या कसोटीचा होता. अरुण घोष, त्रिलोकसिंग, चंद्रशेखर यांनी कोरियाच्या लाटा परतविल्या. शेवटच्या पाच मिनिटांत कोरियाने एक गोल फेडला. परंतु २-१ असा विजय भारताचाच झाला.

या विजयी संघाच्या मधल्या फळीत कोलवाळचे सुपुत्र फोर्तुनात फ्रँको खेळत होते. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि त्यानंतर नऊ महिन्यांच्या आतच एका गोमंतकीयाने भारताच्या पोशाखात आशियाचे सुवर्णपदक मिळविले. आपल्या दृष्टीने या घटनेचे मोल केवळ क्रीडांगणापुरते नाही.

जाकार्ताहून रहीम परतले ते मृत्यूची चाहूल घेऊनच. फुप्फुसाच्या कर्करोगाने ११ जून १९६३ रोजी त्यांचे निधन झाले. वयाची चौपन्न वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्यांच्या मागे भारतीय फुटबॉलचे काय झाले, हे सांगताना मन खिन्न होते. १९६४ च्या आशिया चषकात त्याच पिढीच्या बळावर भारताला उपविजेतेपद मिळाले. १९७० साली बँकॉक येथे आशियाई क्रीडास्पर्धांत कांस्यपदक आले. तेव्हाचे कर्णधार सय्यद नईमुद्दीन हे हैदराबादचेच आणि मार्गदर्शकांपैकी एक होते रहीम यांचे शिष्य पी. के. बॅनर्जी. त्यानंतर या स्पर्धांत फुटबॉलचे पदक भारताला मिळालेले नाही आणि १९६२ नंतर सुवर्णपदक तर नाहीच. ज्या हैदराबादने एके काळी देशाच्या संघाला खेळाडूंमागून खेळाडू दिले, तेथील फुटबॉलही पुढे निस्तेज झाला. इतर देशांनी लहान मुलांना शास्त्रशुद्ध शिक्षण देण्याच्या संस्था उभारल्या. आपल्याकडे ते काम एका माणसाच्या खांद्यावर होते. तो माणूस गेला आणि शाळाही मिटली.

विद्यार्थी मित्रहो, रहीम यांच्या चरित्रातून शौर्याचे धडे घेता येतील, देशप्रेमाचेही घेता येतील. परंतु शिक्षक या नात्याने मला त्यांची एक गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. खेळाडूच्या बळकट पायाचे कौतुक करण्यात त्यांनी वेळ दवडला नाही. त्यांनी त्याचा दुबळा पाय घडविला. संघाची आघाडी नावाजलेली होती, म्हणून त्यांनी बचावाकडे लक्ष दिले. हेलसिंकीचे दहा गोल त्यांनी लपविले नाहीत. त्यांतूनच पुढच्या दहा वर्षांचा अभ्यासक्रम तयार केला. आपल्यापैकी प्रत्येकाचा एक दुबळा पाय असतो. कोणाचे गणित कच्चे असते, कोणाचे अक्षर वाईट असते, कोणाला चार लोकांत उभे राहून बोलता येत नाही. जे येते तेच पुन्हा पुन्हा करून टाळ्या मिळविणे सोपे असते. जे येत नाही ते रोज थोडे थोडे करीत राहणे, हा रहीमसाहेबांचा मार्ग होय. तो कष्टाचा आहे. परंतु जाकार्ताचे सुवर्णपदक त्याच मार्गाने आले.